हायड्रा, रिग, कंप्रेसर गुजरातच्या तेलाच्या कामाला पाठवताय? आधी पासिंगचं समजून घ्या

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रोड आपल्याकडे कोणाला माहीत नाही, रावेर यावल चोपडा शिरपूर शहादा तळोदा अक्कलकुवा, सगळं खान्देश त्याच रस्त्याला लागून आहे. त्याच्या पार टोकाला अंकलेश्वरचं तेलक्षेत्र आहे, १९६० सालचं, ओएनजीसीचं. त्याच्या वरती खंभात, मग मेहसाणा. तिकडं विहिरींवर हायड्रा म्हणजे चाकांवर फिरणारी क्रेन लागते, डीजी म्हणजे डिझेल जनरेटर लागतो, पाण्याचे टँकर लागतात, कंप्रेसर, लोबेड म्हणजे मशिनरी वाहायचा बुटका ट्रेलर, सगळं भाड्याने लागतं. मग आपल्याकडचा मालक काय करतो, फोनवर रेट ठरवतो, ड्रायव्हरला डिझेलचे पैसे देतो आणि गाडी रवाना. आणि नवापूरच्या पुढं कुठंतरी चेकिंगवाल्याने गाडी उभी केली की मग मला फोन, "भाऊ पासिंग तर करेल आहे ना गाडीचं, मग काय मागतो हा?"

तर पासिंग, म्हणजे आरटीओचं रजिस्ट्रेशन, केलेलं आहे हे पुरेसं नाही, कोणत्या प्रकारात केलेलं आहे ते बघायचं. सगळा गोंधळ तिथंच राहतो.

कायदा मोटार वाहन कायदा १९८८ आणि त्याच्याखालचे केंद्रीय नियम १९८९, हे सगळ्या देशाला एकच. राज्याचं काय वेगळं, तर टॅक्स आणि ऑफिसची पद्धत. म्हणून "गुजरातचा नियम वेगळा आहे" असं कोणी सांगितलं की आधी विचारायचं, टॅक्सचं बोलतोय का रजिस्ट्रेशनचं.

आता आपल्याकडच्या मशिनरीचे माझ्या हिशोबाने चार ढीग करा, कागदावर लिहूनच काढा.

पहिला ढीग म्हणजे ज्याला रजिस्ट्रेशनच लागत नाही. स्किडवर म्हणजे चाकं नसलेल्या लोखंडी बैठकीवर बसवलेला डीजी, मड पंप, टाक्या, लोखंडी फ्रेमवरची रिग म्हणजे विहीर पाडायचं मशीन, जी सुटी करून ट्रेलरवर टाकून नेतात. याला स्वतःची चाकं नाहीत, म्हणजे हे वाहनच नाही, हा माल. आरटीओचा प्रश्न त्याला नेणाऱ्या ट्रेलरचा. मालाला लागतं बिल, चलन, ई-वे बिल. मालक लोकं इथं उगाच घाबरतात आणि ज्याला खरंच पासिंग लागतं तिथं निवांत राहतात.

दुसरा ढीग सगळ्यात महत्त्वाचा. ट्रकच्या चेसिसवर कायमची बसवलेली रिग, कंप्रेसर, जनरेटर, क्रेन. केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २००४ ला एक नोटिफिकेशन काढलंय, त्यात कोणती गाडी ट्रान्सपोर्ट आणि कोणती नॉन-ट्रान्सपोर्ट याची यादी आहे. त्या यादीत रिग, जनरेटर, कंप्रेसर अशी मशीन बसवलेल्या गाड्या आणि ट्रेलर, क्रेन बसवलेली गाडी, फोर्कलिफ्ट, रिकव्हरी व्हॅन आणि कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट व्हेईकल हे सगळं नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये टाकलंय. याचा अर्थ काय, तर परमिट लागत नाही, ट्रकसारखं दर वर्ष दोन वर्षाला फिटनेस नाही, आणि आरसी एकदम १५ वर्षांची मिळते, नंतर ५-५ वर्षांनी रिन्यू. भाड्याने चालवता म्हणून ती ट्रान्सपोर्ट होत नाही, कारण भाडं मशीनच्या कामाचं आहे, माल वाहायचं नाही.

पण खूप जणांच्या आरसीवर हेच चुकीचं छापलेलं असतं. जुना मालवाहू ट्रक घेतला, डाला काढला, वर कंप्रेसर बोल्ट केला, आणि आरसी तशीच, गुड्स कॅरियर. आता ही गाडी कागदावर मालट्रक आहे, म्हणजे तिला फिटनेस पाहिजे, परमिट पाहिजे, आणि वरून कलम ५२ प्रमाणे बदल मंजूर करून घेतलेला नाही तो वेगळाच विषय. कलम ५२ सरळ आहे, कंपनीने जशी बनवली आणि आरसीवर जसं लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी दिसत असेल तर परवानगीशिवाय चालत नाही. मी तर म्हणतो आज रात्री आरसी काढा, "बॉडी टाइप" आणि "व्हेईकल क्लास" या दोन ओळी वाचा, आणि सकाळी गाडीसमोर उभं राहून बघा जुळतंय का. एवढ्या एका गोष्टीने अर्धी डोकेदुखी जाते.

बोअरवाल्यांसाठी एक सांगतो कारण आपल्याकडं, खास करून यावल रावेरच्या केळीपट्ट्यात, बोअरच्या गाड्या भरपूर, त्यातल्या कितीतरी तमिळनाडूच्या, तिकडचं तिरुचेंगोडे हे बोअर गाड्यांचं माहेरघर. रिग जुन्या ट्रकवरून काढून नव्या चेसिसवर बसवणं हे या धंद्यात नेहमीचं. पण रजिस्ट्रेशन रिगचं नसतं, चेसिसचं असतं. जुना ट्रक भंगारात गेला तर त्याची आरसी कॅन्सल करायची, आणि वापरायचा असेल तर त्याची बॉडी बदलून घ्यायची. नवीन चेसिसचं सगळं पहिल्यापासून. जुनी नंबर प्लेट नव्या गाडीला लावून फिरणारे आहेत, त्यांना मी काही सांगत नाही, ते वेगळ्या खात्याचं काम आहे. आणि आरटीओचं पासिंग वेगळं, महाराष्ट्र भूजल कायदा २००९ खाली बोअरच्या रिगची नोंदणी वेगळी, एकाने दुसरं भागत नाही. तेलाच्या विहिरीच्या रिगला हा भूजलचा विषय नाही.

तिसरा ढीग कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट व्हेईकल. हायड्रा, जेसीबी, लोडर, ग्रेडर, मोबाइल क्रेन. केंद्रीय नियमांतल्या नियम २ च्या (सीए) मध्ये व्याख्या आहे. हेही नॉन-ट्रान्सपोर्टच. पण व्याख्येत एक अट आहे ती कोणी वाचत नाही, की हे मशीन मुळात रस्त्याबाहेरच्या कामाचं आहे, रस्त्यावर चालणं हे थोड्या वेळापुरतं, कामाला जोडून आणि ताशी ५० किलोमीटरच्या आत. मग धुळ्याहून अंकलेश्वरपर्यंत हायड्रा स्वतःच्या चाकावर नेणं हे थोड्या वेळापुरतं म्हणता येईल का? कोंडाईबारीच्या घाटात हायड्रा पुढं आणि मागं ट्रकांची रांग, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. लोबेडवर टाका. टायर वाचतात, हब वाचतात, डिझेल वाचतं, आणि घाटात कोणाच्या शिव्या खायच्या नाहीत. लोबेडचं भाडं जास्त वाटतं म्हणून लोकं टाळतात, पण टायरचा एक सेट काय भावाने येतो ते पण धरा ना हिशोबात.

पोकलेन म्हणजे लोखंडी चेनवाली मात्र या व्याख्येत बसत नाही, कारण व्याख्या रबरी टायर, रबरी पॅड नाहीतर स्टीलच्या ड्रमच्या चाकांची आहे. ती ट्रेलरवरच जाते.

चौथा ढीग साधा ट्रान्सपोर्ट. पाण्याचा टँकर, पाइप आणि केसिंग नेणारी सपोर्ट गाडी, लोबेड ओढणारा पुलर, पिकअप. इथं सगळं लागतं. नवीन गाडीला पहिलं फिटनेस २ वर्षांचं, ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, ८ च्या पुढं दर वर्षी. गुजरातला जायचं तर नॅशनल परमिट, आणि ते १२ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला मिळत नाही, मल्टी-ॲक्सल असेल तर १५ पर्यंत. मालासकट एकूण वजन ३ टनाच्या आत असलेली छोटी मालाची गाडी असेल तर परमिटची भानगड नाही. डिझेलचा किंवा क्रूडचा टँकर असेल तर वर पेसोचं, म्हणजे स्फोटक आणि ज्वलनशील मालावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याचं, लायसन्स आणि ड्रायव्हरला धोकादायक मालाचं ट्रेनिंग, त्याशिवाय गेटच्या आत पण घेत नाही कोणी.

गंमत अशी की एकाच कामावर रिग गाडी आणि तिची सपोर्ट गाडी सोबत जाते, दोन्ही सारखेच ट्रक दिसतात, आणि एकीला परमिट लागत नाही दुसरीला लागतं. ड्रायव्हरला हे माहीत नसतं, तो दोन्ही फाइली एकत्र ठेवतो आणि चेकिंगला भलतीच फाइल काढतो. फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

आता नवीन गाडी घेणाऱ्यांसाठी. फॉर्म २० अर्ज, फॉर्म २१ डीलरचं सेल सर्टिफिकेट, फॉर्म २२ कंपनीचं गाडी रस्त्यालायक असल्याचं. चेसिस घेऊन बॉडी किंवा मशीन बाहेर बसवली असेल तर २२ ऐवजी २२-ए, त्याचे दोन भाग, एक चेसिस कंपनीचा आणि दुसरा बॉडी बिल्डरचा. हा दुसरा भाग घ्यायला विसरतात लोकं आणि मग बिल्डरच्या मागं फिरतात, म्हणून शेवटचा पेमेंट हप्ता त्या कागदावर सही झाल्यावरच द्या. लोन असेल तर फॉर्म ३४. इन्शुरन्स, पत्त्याचा पुरावा, पॅन, जीएसटी, चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. मशीनचं बिल वेगळं असेल तर तेही जोडा, कारण टॅक्स किमतीवर लागतो आणि नंतर वाद नको.

टेम्पररी नंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ६ महिन्यांपर्यंत मिळतो, आणि चेसिस बॉडीसाठी वर्कशॉपमध्ये अडकली तर पुढं वाढवून पण मिळतो. पण वाढवून घ्यावा लागतो, आपोआप वाढत नाही. टेम्पररी संपलेली गाडी रस्त्यावर काढायची नाही म्हणजे नाही. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अश्युरन्सच्या केसमध्ये हेच सांगितलं, टेम्पररी रजिस्ट्रेशन संपलेलं होतं, गाडीचा अपघात झाला, आणि इन्शुरन्स कंपनीने क्लेम नाकारला तो बरोबर ठरला. कलम १९२ चा दंड पहिल्यांदा २ ते ५ हजार, तो एकवेळ परवडतो, क्लेम गेला तर माणूस बसतो.

कुठं पासिंग करायचं? कलम ४० प्रमाणे मालक जिथं राहतो किंवा जिथं धंदा आहे आणि गाडी साधारण जिथं ठेवली जाते त्या राज्यात, आणि आता राज्यातल्या कोणत्याही आरटीओत चालतं. म्हणजे जळगावच्या माणसाने एमएच १८ घ्यायचं ठरवलं तरी चालेल, नंदुरबारच्या एमएच ३९ चंही चालेल. पण गुजरातमध्ये टॅक्स कमी पडतो म्हणून कोणाच्या तरी मेहुण्याच्या पत्त्यावर जीजे नंबर घ्यायचा हे करू नका. खरोखर तिकडं ऑफिस असेल, जीएसटी असेल, गाडी तिकडंच राहणार असेल तर बिनधास्त घ्या, उलट तीन वर्षांची वर्क ऑर्डर हातात असेल तर मी तेच सुचवतो, सुरुवातीलाच भरूचचं जीजे १६ नाहीतर मेहसाण्याचं जीजे २.

टॅक्सचं बोलायचं तर महाराष्ट्रात २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात क्रेन, कंप्रेसर, एक्स्कॅव्हेटर या प्रकारच्या गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी टॅक्स सक्तीचा केला. १ कोटीची क्रेन म्हणजे ७ लाख एकदम. त्यामुळे गाडी कुठं नोंदवायची हा निर्णय आता आधीपेक्षा महागाचा झालाय, खरेदीच्या आधी सीएला विचारा, नंतर नाही.

एंजिनचं पण बघा. इक्विपमेंट गाड्यांना सीईव्ही स्टेज ५ हे धुराचं मानक १ जानेवारी २०२५ पासून लागू झालंय, त्याआधी स्टेज ४ होतं १ एप्रिल २०२१ पासून. ट्रक चेसिसला बीएस ६, १ एप्रिल २०२० पासून. डीलरकडं जुना स्टॉक पडलेला असेल आणि "तुम्हाला म्हणून स्वस्तात देतो" म्हणत असेल तर आधी आरटीओत विचारा ही नोंदवून मिळेल का. नाही मिळाली तर शेतात उभी करायला एवढं महाग शोपीस कोणाला पाहिजे.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. एमएच नंबरची गाडी गुजरातमध्ये किती दिवस चालते? रजिस्ट्रेशन सगळ्या भारतात चालतं, कलम ४६. पण कलम ४७ म्हणतं की दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. तेलाची कामं एक वर्षाची म्हणून सुरू होतात आणि एक्स्टेन्शन मिळत जातं, त्यामुळे हे १२ महिने कधी उलटतात ते कळत नाही. गाडी मध्ये परत आली असेल तर त्याचा पुरावा ठेवा, फास्टॅगचं स्टेटमेंट, धुळ्यातल्या गॅरेजचं बिल, गेटपास. तोंडी सांगून कोणी ऐकत नाही, आणि का ऐकावं.

नंबर बदलायची वेळ आलीच तर आधी आपल्या आरटीओची एनओसी म्हणजे ना हरकत दाखला, फॉर्म २८. त्यासाठी टॅक्स क्लिअर, चलन क्लिअर, पोलिसांकडून चोरीचा रिपोर्ट नसल्याचं, आणि फायनान्स असेल तर त्यांची लेखी संमती. फायनान्सवाले याला फार वेळ लावतात म्हणून पहिलं पत्र त्यांनाच. आरटीओने ३० दिवसांत एनओसी नाकारल्याचं कळवलं नाही तर कायद्याने ती दिली असं धरतात, पण प्रत्यक्षात कागद हातात असल्याशिवाय पुढचा आरटीओ ऐकत नाही हे मी पण मान्य करतो, म्हणून अर्जाची पोच मात्र सांभाळून ठेवा. मग तिकडं फॉर्म २७ भरायचा, तिकडचा टॅक्स भरायचा, नवीन नंबर आला की त्या आरसीची कॉपी जोडून इकडच्या एकरकमी टॅक्सच्या उरलेल्या भागाचा परतावा मागायचा. परतावा मागतच नाहीत लोकं. कंटाळा करतात. अहो तुमचेच पैसे आहेत.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर ४५ दिवसांत कळवायचं. मुखत्यारपत्रावर वर्षभर गाडी चालवायची आणि मालक दुसराच, हे ओएनजीसीच्या ठेकेदाराच्या गेटवर लगेच पकडलं जातं कारण तिथं आरसी, इन्शुरन्स आणि वर्क ऑर्डरचं नाव जुळवून बघतात.

"गाडी तर विहिरीच्या कंपाउंडमध्येच चालते, मग रजिस्ट्रेशन कशाला?" हे पण खूप जण विचारतात. कायद्यात सूट आहे, कलम २ च्या २८ मध्ये, पण ती फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त जागेतच वापरायला बनवलेल्या खास प्रकारच्या गाडीला. आणि ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने विशाखापट्टणमच्या स्टील प्लांटच्या केसमध्ये आंध्रच्या कायद्यावर बोलताना म्हटलं की जिथं बाहेरच्या लोकांना मोकळं जाता येत नाही अशा आवारात फिरणाऱ्या गाड्यांवर तेवढ्या काळाचा टॅक्स लागत नाही. व्हॉट्सॲपवर हा निकाल फिरला आणि आपले काही भाऊ खूश झाले. पण नीट बघा, तो टॅक्सचा निकाल आहे, आणि स्टील प्लांटला एकच मोठं कुंपण असतं. गुजरातची तेलाची विहीर म्हणजे शेताच्या मधे तारेचं कुंपण, आणि एका विहिरीवरून दुसरीवर जायचं तर गावाचा रस्ता, नहराचा रस्ता, हायवे. तुमची हायड्रा आज इथं उद्या तिथं. त्या रस्त्यावर ती सार्वजनिक जागेतच आहे. म्हणून तेलाच्या कामावर या सुटीच्या भरवशावर राहू नका.

विहिरीचं आवार मात्र कायद्याने खाण धरतात, तिथं ऑइल माइन्स रेग्युलेशन्स २०१७ चालतात आणि डीजीएमएसचं, म्हणजे केंद्राच्या खाण सुरक्षा खात्याचं, लक्ष असतं. आरटीओचं सगळं बरोबर असून पण सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर म्हणजे ठिणगी अडवणारं उपकरण नाही म्हणून गाडी गेटवर थांबते. निघायच्या आधीच बसवा, तिकडं गेल्यावर शोधाशोध करू नका. क्रेनचं टेस्ट सर्टिफिकेट वेगळं, तेही आरटीओचं काम नाही.

लायसन्स. हायड्रा चालवणारा पोरगा हुशार असतो, हात बसलेला असतो, आणि लायसन्स मोटरसायकल-कारचं. नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एलएमव्हीवाल्याला, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स असलेल्याला, ७५०० किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, पण तुमची रिग किंवा क्रेन त्या वजनात बसते का बघा, बहुतेक नाही बसत. लायसन्सवर क्रेन, लोडर, बोअरिंग रिग असे वेगळे क्लास चढवता येतात, ते चढवून घ्या. पोराच्या नावावरचं लायसन्स आहे, खर्च मालकाने करावा असं माझं मत.

इन्शुरन्सचं एकच सांगतो पण नीट ऐका. पॉलिसीत आयएमटी ४७ नावाची अट शोधा. क्रेन, ड्रिलिंग रिग, एक्स्कॅव्हेटर या गाड्या काम करताना पलटी झाल्या तर ते नुकसान जादा प्रीमियम भरल्याशिवाय मिळत नाही. हायड्रा पलटी होते ती रस्त्यावर कमी आणि काम करताना जास्त, म्हणजे ज्यासाठी इन्शुरन्स घेतला तेच बाहेर. एजंटला स्पष्ट विचारा, ओव्हरटर्निंग कव्हर आहे का, आणि उत्तर मेलवर घ्या. दुसरं, आयडीव्हीमध्ये म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीत नुसती चेसिसची किंमत धरली का वरच्या मशीनची पण, ते बघा. सीपीएम पॉलिसी म्हणजे ठेकेदाराच्या मशिनरीचा विमा घेतलाय म्हणून थर्ड पार्टी नको असं होत नाही, रस्त्यावर आली की थर्ड पार्टी पाहिजेच.

लोबेडवर मोठं मशीन टाकलं आणि रुंदी २.६ मीटरच्या बाहेर गेली की ते ओडीसी म्हणजे मापाबाहेरचा माल, त्याची परवानगी निघायच्या आधी ऑनलाइन काढायची. ओव्हरलोडचा दंड २० हजार आणि वर दर टनाला २ हजार, शिवाय जादा माल तिथंच उतरवायला लावतात, आणि नवापूरच्या आसपास रात्री क्रेन शोधून क्रेन उतरवणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

निघायच्या आदल्या दिवशी परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका आणि आरसीची मुदत, इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स, बाकी चलन सगळं तिथं काय दिसतंय ते बघा, कारण चेकिंगवाला पण त्याच्या मोबाइलवर तेच बघणार आहे, तुमच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये काय आहे ते नंतर. जुन्या गाडीची माहिती ऑनलाइन चुकीची चढलेली असते, कधी क्लास चुकीचा, कधी एंजिन नंबरचा एक आकडा. गाडीला १५ वर्षं होऊन गेली असतील तर पर्यावरण कर भरलेला दिसतो का तेही बघा, ट्रान्सपोर्ट असेल तर ८ वर्षांनंतरच लागतो. ऑनलाइन माहितीच्या दुरुस्तीसाठी आपल्याच आरटीओत अर्ज करावा लागतो आणि गाडी मेहसाण्याला असताना ते होत नाही, म्हणून गाडी दारात उभी आहे तोवरच करून घ्या.